लक्ष नाही, की ऐकूच येत नाही?



पावसाळा लागला की आमच्या राजापुरात दोन गोष्टी ठरलेल्या. अर्जुना-कोदवलीचं पाणी जवाहर चौकाकडे सरकायला लागतं आणि पहिली-दुसरीच्या वर्गात निम्म्या मुलांची नाकं वाहायला लागतात. पुराची चौकशी सगळे करतात. नाकाकडे कोण बघतो? "सर्दीच ती, होईल बरी," म्हणायचं आणि पुढचा धडा काढायचा. बहुतेक वेळा ती बरी होतेही. पण काही मुलांमध्ये ती कानात उतरते, आणि मग त्याचा त्रास आपल्या वर्गात दिसतो. दिसतो, पण ओळखू येत नाही. आज त्याबद्दलच लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. श्रुतलेखनात हमखास मागे. 'साप' म्हटलं तर 'आप' लिहायचा. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला बघायचा. मी त्याच्या नावापुढे 'अवधान कमी' असा शेरा लिहिला होता. एक दिवस तर सगळ्यांसमोर ओरडलो, "कानात तेल घालून ऐक रे जरा!" वर्ग हसला. आठवड्याने त्याची आई भेटली. सहज बोलता बोलता म्हणाली, "गुरुजी, याचो कान गणपतीपासून वाहता. आजी रोज रात्री लसणीचं तेल कोमट करून सोडते." मुलाच्या कानात खरोखरच तेल होतं, आणि ऐकू मात्र येत नव्हतं. पुढे तपासणीत कळलं की एका कानाच्या पडद्याला भोक आणि दुसऱ्या कानात पडद्यामागे पाणी साचलेलं. तो शेरा मी खोडला, पण वर्गाचं ते हसू मला खोडता आलं नाही.

असं होतं कसं?

नाकाच्या मागच्या बाजूपासून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसात ती उतरती असते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद झाली की मधल्या कानात पाणी साचतं. त्यात जंतू वाढले की कान ठणकतो, ताप येतो, कधी पडदा फुटून पू वाहतो. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे तसं नेहमीचंच, त्यामुळे कानाला धोकाही तितक्या वेळा.

खरी अडचण पुढे आहे. ठणका थांबला तरी पाणी काही आठवडे, कधी तीन महिनेसुद्धा राहू शकतं. दुखत नाही, म्हणून मूल सांगत नाही. दोन्ही कानांत बोटं घालून कोणाचं बोलणं ऐका, साधारण तसं त्याला ऐकू येतं. आवाज कळतो, शब्द निसटतात. 'स', 'फ', 'त' यांसारखे हलके ध्वनी आधी जातात. त्यात वर पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर शेवटच्या बाकावर काय पोचत असेल, विचार करा. आणि हे नेमकं अक्षर-ध्वनीची ओळख पक्की व्हायच्या वयात!

शिक्षकांना माझं सांगणं

एक: 'लक्ष नाही', 'मंद आहे' असा शेरा लिहिण्याआधी कान तपासला गेलाय का, हे विचारा. मुलाच्या मागे दोन-तीन हातांवर उभं राहून हळू आवाजात साधे शब्द म्हणा आणि त्याला परत म्हणायला सांगा. ही काही डॉक्टरी चाचणी नाही, पण शंका यायला पुरेशी आहे. शंका आली की त्याला पुढच्या बाकावर घ्या आणि पालकांना बोलवा.

दोन: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. कान वाहणं, कमी ऐकू येणं हे त्यांच्या तपासणीतच आहे, आणि पुढचे उपचारही मोफत. पण एका दिवसात सगळी शाळा उरकायची असते. म्हणून पथक येण्याआधी आपली यादी तयार ठेवा: कोणाचा कान वाहतो, कोण 'काय?' जास्त विचारतो, त्या दिवशी कोण गैरहजर आहे.

तीन: शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस बंद करा. हे अनेकांना पटणार नाही, ठाऊक आहे. पण त्या बक्षिसासाठी तापलेलं मूल शाळेत येतं आणि सर्दी सगळ्या बाकांवर वाटून जातं. मजुरीवर जाणाऱ्या आईला मूल घरी ठेवणं परवडत नाही, हेही खरं. म्हणून साधा नियम ठेवू या. नुसतं नाक वाहतंय, मूल खेळतंय, तर शाळेत यावं. रुमाल आणि साबणाने हात धुणं आपण बघू. ताप, कानदुखी किंवा मूल मलूल असेल तर घरी, आणि त्याचा अभ्यास बुडाल्याचा बोभाटा आपण करायचा नाही.

पालकांनो, तुमच्यासाठी

कानात तेल, लसणीचा रस, काडी, पीन काही घालू नका. पडद्याला भोक असेल तर ते थेट आत जातं. वाहणारा कान स्वच्छ कापडाने बाहेरून टिपा, कोरडा ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. सर्दी विषाणूंची असते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मागच्या वेळची उरलेली बाटली काढून देऊ नका. छिंदवाड्याकडची मुलं विषारी कफ सिरपने दगावली, त्यातली काही नागपूरच्या रुग्णालयांत. तेव्हा ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. बाळाला आडवं निजवून बाटलीने दूध पाजू नका, चुलीच्या आणि विडीच्या धुरापासून लांब ठेवा. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांची न्यूमोकोकल लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, ती चुकवू नका.

रत्नागिरी गाठायचं म्हणजे एक दिवस आणि एसटीचं भाडं जातं, खरंय. पण पहिली-दुसरीत न ऐकलेलं अक्षर पाचवीत भरून काढायला त्याहून कितीतरी जास्त खर्च येतो, आणि तो त्या मुलाच्या वाट्याला येतो.

तेव्हा उद्या वर्गात गेलात की शेवटच्या बाकावरच्या त्या 'लक्ष नसलेल्या' मुलाला ओरडू नका. जवळ जा, आणि हळू आवाजात त्याचं नाव घेऊन बघा.