किनाऱ्यावरील चातुर्मास



कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते आणि आपल्या व्यापारी घरांतून प्रवासाचे बेत ठरू लागतात. कोकण किनाऱ्यावरील लहान कौटुंबिक हॉटेलांचा हंगामही साधारण याच सुमारास स्थिरावतो. आपल्याला चार महिने प्रवास आवरण्याची शिकवण धर्माने दिली. त्यांना ती पावसाने दिली. मात्र आपल्या चातुर्मासात घरखर्च आटोक्यात राहतो, तर हॉटेलवाल्याच्या चातुर्मासात मिळकत थांबते आणि खर्च चालूच राहतो. आजच्या लेखाचा विषय हा खर्च आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले हल्ली ‘कोकणात एखादे रिसॉर्ट काढू’ असे म्हणू लागली आहेत, म्हणून हा हिशेब सविस्तर मांडावासा वाटला.

उदाहरण म्हणून घेतो आहे ते हॉटेल रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरचे. जाहिरात होऊ नये म्हणून नाव देत नाही. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव-म्हसळामार्गे तेथे पोहोचता येते. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यापलीकडे सुरूचे बन आणि मग समुद्र, अशी या गावाची ठेवण. नोव्हेंबर १९९७ मध्ये येथील एका वाडीत सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडला आणि गावाकडे माणसांचा ओघ सुरू झाला. अनेक घरांप्रमाणे या कुटुंबानेही पडवीलगतच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी मोकळ्या केल्या. पुढे वाडीच्या कडेने एकेक करीत बारा खोल्या झाल्या. मार्च २०१२ मध्ये मंदिरातील पहारेकऱ्यांची हत्या करून मूर्ती चोरीस गेली, तेव्हा गावाचे उत्पन्नही ओसरले. गणेशाची पुनःप्रतिष्ठापना नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. एका आकर्षणावर उभा असलेला धंदा किती हळवा असतो, हे या गावाने दशकभर अनुभवले.

हे कुटुंब तगले ते स्वयंपाकघराच्या बळावर. गावात मासळीच्या थाळीला सर्वाधिक मागणी. येथे मात्र पहिल्यापासून शाकाहार. मालकांच्या मातोश्री, ज्यांना सर्व पाहुणे काकू म्हणतात, वयाच्या पंचाहत्तरीतही भटारखान्यात जातीने उभ्या असतात. त्या स्वतः जैन नाहीत. पण आपल्या मंडळींचे नियम त्यांना आपल्याच काही तरुण पिढीपेक्षा अधिक ठाऊक आहेत, असे लिहिले तर रागावू नये. बटाट्याच्या जागी कच्चे केळे, कांदा-लसणाविना कोकमाचे सार, फणसाची भाजी, उकडीचे मोदक. वालाचे बिरडे ही तेथील खासियत; परंतु मोड आलेले कडधान्य न खाणारे पाहुणे असतील तर त्यांच्यासाठी वेगळी उसळ होते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असणाऱ्यांसाठी भिंतीवर तिथींचे कॅलेंडर टांगलेले असते.

एका गोष्टीचे मला विशेष कौतुक वाटते. डिसेंबरात तेथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्याने सूर्यास्त पाहावा की जेवावे? काकूंनी वर्षांपूर्वीच तोडगा काढला: पाच वाजता पाने मांडायची, साडेपाचला पाहुण्यांना किनाऱ्याकडे मोकळे करायचे. मेमध्ये सूर्यास्त सातच्या पुढे जातो, तेव्हा ही धावपळ नसते. पण व्यवहाराच्या नजरेने पाहिले तर आचाऱ्याला दुपारी तीनलाच कामाला लागावे लागते, आणि इतर पाहुणे रात्री नऊला जेवतात म्हणून संध्याकाळी चूल दुसऱ्यांदा पेटते. इंधन दुप्पट, मजुरी दीडपट, थाळीचा दर मात्र तोच. खर्चलेखा शिकलेल्या माणसाला हे खटकते. मी तसे बोलूनही दाखवले. काकू हसल्या आणि दर तोच राहिला.

आता बारा खोल्यांचे गणित. दिवाळीचे आठ-दहा दिवस, नाताळ ते नववर्ष आणखी तितकेच, नोव्हेंबर ते एप्रिलमधील शनिवार-रविवार धरून सुमारे पन्नास रात्री आणि मेचे तीन-चार आठवडे. सोमवार ते गुरुवार बहुतेक खोल्या रिकाम्या. म्हणजे खोल्या ३६५ दिवसांच्या, पण घर पूर्ण भरते त्या रात्री शंभराच्या आसपास. कर्जाचा हप्ता मात्र दरमहा.

येथे बँकेचा एक नियम ध्यानात घ्यावा. मुदत कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. जूनच्या ५ तारखेचा हप्ता चुकला तर सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ही मुदत संपते. दसऱ्याचा पहिला पाहुणा येण्याआधीच खात्याला डाग लागतो, आणि हा मालक बुडवेगिरी करणारा नसतो. तो केवळ पावसाळ्यात सापडलेला असतो. यावर उपाय आहे, पण तो कर्ज मंजूर होतानाच मागावा लागतो: हप्त्यांची रचना हंगामानुसार करून घेणे, आठ महिने मोठे हप्ते आणि पावसाळ्यात केवळ व्याज. प्रकल्प अहवालात महिनावार आवक-जावक स्पष्ट दाखवली तर अधिकारी ऐकतात. बहुतेक अर्जदार वार्षिक बेरीज दाखवून मोकळे होतात.

२०२० साली या सर्व गणिताची परीक्षा झाली. मार्चअखेरीस टाळेबंदी आली आणि मेचा हंगाम बुडाला. त्यानंतर ३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर. या कुटुंबाच्या छपराचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले आणि पोफळी काडेपेटीतील काड्यांसारख्या मोडून पडल्या. सोबत रोजचे भांडवलही गेले, कारण पोफळ लावल्यापासून उत्पन्न यायला पाच-सात वर्षे लागतात. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली होती. केंद्राच्या हमी योजनेतून २९ फेब्रुवारी २०२० रोजीच्या कर्जबाकीच्या २० टक्के रक्कम वेगळ्या तारणाशिवाय मिळाली, त्यातून छप्पर झाले.

पण त्याआधीचा एक प्रसंग नोंदवण्यासारखा आहे. मेसाठी घेतलेल्या आगाऊ रकमा या घराने वेगळ्या वहीत, वेगळ्या खात्यात ठेवल्या होत्या. आगाऊ रक्कम म्हणजे देणे, उत्पन्न नव्हे, हे आपल्याकडील चोपडा लिहिणाऱ्या मुनिमालाही ठाऊक असते. हॉटेलव्यवसायात ते फार जण विसरतात आणि ती रक्कम रंगरंगोटीत घालून बसतात. टाळेबंदी होताच मालकांनी एकेकाला फोन करून पैसे परत देऊ केले. पुण्याच्या आणि सांगलीच्या काही व्यापारी कुटुंबांनी, त्यांत आपले समाजबांधव बरेच, उत्तर दिले, ‘खात्यावर जमा राहू द्या, परिस्थिती निवळली की येऊ.’ वादळानंतरच्या महिन्यांत त्या जमा रकमेने घराची चूल पेटती ठेवली.

हे सारे आज आठवण्याचे कारण यंदाची वार्ता. गेल्या मे महिन्यात पावसाने घाई केली. २६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, आणि वळिवाच्या सरींनी त्याआधीच कोकणातील खोल्या रिकाम्या केल्या होत्या. वर्षातील सर्वाधिक कमाईचा आठवडा गेला. सप्टेंबरच्या २२ तारखेपासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे पाहुण्याच्या दृष्टीने उत्तम: अडीच हजारांच्या खोलीवर तीनशेऐवजी सव्वाशे रुपये. परंतु खरेदीवरील कराची वजावट आता मिळत नाही. चाळीस हजारांच्या वातानुकूलन यंत्रावरील १८ टक्के, म्हणजे ७,२०० रुपये, सरळ मालकाच्या खर्चात जातात. ज्याला डागडुजी कमी त्याला नवी रचना सुखाची. खाऱ्या वाऱ्यावर बसलेल्याला दर दोन-तीन वर्षांनी नवे यंत्र घ्यावे लागते.

अशा अवस्थेत दिवाळीनंतर एका शहरी व्यावसायिकाने प्रस्ताव आणला: नऊ वर्षांचा भाडेपट्टा, बाराही महिने ठरलेले भाडे, हॉटेल तो चालवणार. अट एक, मासळीचे भटारखाने आणि मद्याचा परवाना. थोरले चिरंजीव अनुकूल, धाकटे प्रतिकूल, मालक मध्ये अडकलेले. कागदपत्रे माझ्याकडे पाहावयास दिली.

आकड्यांनी बोलायचे तर भाडे चांगले होते, आणि मी तसे लेखी कळवले. पावसाळ्यात येणारी निश्चित रक्कम ही अशा घराला मोठी सोय. एका कलमावर मात्र बोट ठेवले: वादळाने इमारतीचे नुकसान झाल्यास दुरुस्ती मालकाची. २०२१ पासून लहान उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हा विमा आहे, त्यात वादळ व पूर येतात. पण हप्ता कोण भरणार हे करारात नव्हते. समोरच्याने ते कलम सुधारण्याची तयारी दाखवली. भटारखान्याबाबत तो तडजोड करीना, आणि त्याच्या बाजूने पाहता त्यात गैर काही नाही. त्या गावात धंदा मासळीवरच चालतो.

काकू तीन बैठकांत गप्प होत्या. चौथ्या बैठकीत एवढेच म्हणाल्या, ‘छप्पर गेले तेव्हा ज्यांनी पैसे परत मागितले नाहीत, ते पुढच्या दिवाळीत पाच वाजता पान मांडा म्हणतील. त्यांना मी काय सांगू?’ थोरल्या चिरंजीवांचे उत्तरही बिनतोड होते: ‘आई, ते वर्षातून तीन रात्री येतात. हप्ता बारा वेळा येतो.’

निर्णय झाला तो दोन हंगामांपुरता. भाडेपट्टा नाकारला. धाकटे चिरंजीव पुण्यातील नोकरी घरून करण्याची परवानगी मिळवून नोव्हेंबर ते मे गावी राहणार. मधल्या वारांसाठी ज्येष्ठ नागरिकांचे गट आणि कंपन्यांच्या छोट्या बैठका आणण्याचे काम त्यांच्याकडे. बँकेने उरलेल्या कर्जाचे हप्ते आठ महिन्यांत बसवून दिले. चौविहाराच्या थाळीला वेगळा दर लागू झाला, साठ रुपये अधिक. हे काकूंना अद्याप पसंत नाही. हंगामाचे अंदाजपत्रक आता ३१ मेपर्यंत न धरता १५ मेपर्यंतच धरले आहे, त्यापुढे आलेला पाहुणा वरकमाईचा. दोन वर्षांत हे जमले नाही तर त्या व्यावसायिकाचा दूरध्वनी क्रमांक थोरल्यांनी जपून ठेवला आहे, आणि माझ्या मते तो ठेवायलाच हवा.

निसर्गनंतर लावलेल्या पोफळींना यंदा पहिले घड धरले आहेत. काकूंनी फणसाच्या पापडांची वर्दी आत्तापासून घ्यायला सुरुवात केली आहे, आगाऊ रक्कम त्याच जुन्या वहीत.