गुरुजींचा मोर्चा आणि आपल्या गावची शाळा



शाळेला कुलूप आणि गुरुजी वर्ध्याला मोर्चात, अशी खबर आली की पारावर जे बोलणे होते ते तुम्हालाही पाठ असेल. एक जण म्हणतो, "यांना महिन्याच्या महिन्याला पगार, वर दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्या, तरी यांचे भागत नाही?" दुसरा म्हणतो, "आपली पऱ्हाटी बोंडअळीने खाल्ली तेव्हा आले होते का कोणी आपल्यासंगे?" तिसरा काहीच बोलत नाही. त्याचा पोरगा रोज सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या कॉन्व्हेंटात जातो. गावची शाळा उघडी काय अन् बंद काय, त्याला सारखेच.

हा राग खोटा आहे असे मी म्हणणार नाही. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ साठी क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. पण बारा टक्क्यांच्या वर ओल निघाली की खरेदी केंद्रावरून बंडी परत फिरते आणि व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. अशा माणसाला पगारदाराचे रडगाणे गोड कसे लागावे? पण मोर्चाच्या मागण्या एकदा सुपात घेऊन पाखडल्या, तर त्यात गुरुजींच्या घरचे किती आणि आपल्या घरचे किती हे वेगळे निघते. आपल्या घरचे जास्त निघते, असे माझे मत झाले आहे. पटले तर घ्या.

गुरुजींच्या घरचे आधी उरकून टाकू. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू नाही. त्यासाठी १४ ते २० मार्च २०२३ असा संप झाला. जुन्या मंडळींना १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संपही आठवत असेल. तेव्हा आम्ही पोरे खूश होतो, घरची मोठी माणसे नव्हती. पेन्शन हा नोकर आणि मालक यांच्यातला हिशेब आहे. तो त्यांनी भांडावा, आपण त्यात पडायचे कारण नाही.

आता आपल्या घरचे. शाळेत शिक्षक किती असावेत हे कोणा साहेबाच्या मर्जीवर नाही, त्याला कायदा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टपासून नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार असे कोष्टक ठरवून दिले. दरवर्षी शाळेचा पट पाहून सरकार पदे मंजूर करते. त्याला संचमान्यता म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आपल्या लहान गावांचे पुढचे नशीब त्यात आहे. पट म्हणजे हजेरीवहीतली नुसती नावे नव्हेत. मुलाचे आधार जुळले पाहिजे. आधारात नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे असेल, तर वर्गात बसलेले मूल कागदावर बसलेले नसते. आणि कागदावर एक मूल कमी पडले म्हणून एक शिक्षक कमी होऊ शकतो.

१५ मार्च २०२४ रोजी सरकारने संचमान्यतेचे नवे निकष काढले, आणि तेव्हापासून शिक्षकांच्या सगळ्या संघटना, एरवी एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्यासुद्धा, एका बाजूला आल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, सहावी-सातवी-आठवीला वीसपेक्षा कमी मुले असतील तर त्या वर्गांना एकही नियमित शिक्षक उरत नाही. आर्वी, आष्टी, कारंजाकडच्या डोंगरउतारावरची किंवा बोरच्या जंगलाकाठची गावे डोळ्यांपुढे आणा. तिथे वीसचा आकडा कुठून आणायचा? घरेच मोजकी. त्यातले दोन-चार पोरे मामाच्या गावी, दोन-चार वसतिगृहात.

वर्ग गेला की मुले दुसऱ्या गावी जातील, असे वर्ध्याच्या किंवा मुंबईच्या टेबलावर बसून म्हणायला सोपे आहे. मुलगा जाईलही सायकलवर. पण सहावीतल्या पोरीचे काय होते, ते घरात चूल पेटवणाऱ्या बाईला विचारा. आश्विन-कार्तिकात वेचणीला बाया मिळत नाहीत, घरी धाकटे भावंड असते, आणि रस्त्यात दोन किलोमीटर नुसती तूर माणूसभर उभी असते. एसटीचा पास मुलींना फुकट आहे खरा, पण गाडी शाळेच्या वेळेला आली पाहिजे ना! कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले, ते पोरीच्या पायाच्या मापाने ठरवले होते.

त्यानंतरची गोष्ट तर नाटकात शोभावी अशी. ५ सप्टेंबर २०२४, म्हणजे ऐन शिक्षकदिनी, सरकारने आदेश काढला की वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेतल्या दोन शिक्षकांपैकी एक कंत्राटी राहील. त्याला महिन्याला १५,००० रुपये मानधन. शिक्षकांनी २५ सप्टेंबरला सामूहिक रजा टाकून जिल्ह्याजिल्ह्यात मोर्चे काढायचे ठरवले. मोर्चाच्या दोन दिवस आधी विसाचे दहा झाले. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये तो कंत्राटी निर्णयच मागे घेण्यात आला. म्हणजे ज्या मोर्चाला आपण पारावर नावे ठेवली, त्याच्यामुळे लहान गावातल्या पोरांचे एक नुकसान टळले. हे आपल्याला कोणी सांगितले नाही. आपणही विचारले नाही.

तुम्ही म्हणाल, वीस पोरांना दोन मास्तर कशाला? प्रश्न रास्त आहे. मी एक साधा हिशेब मांडतो. पहिलीचे पोर अक्षर गिरवते, दुसरीचे बेरीज करते, तिसरीला धडा वाचायचा असतो, चौथीला अपूर्णांक आणि पाचवीला इंग्रजी. वर्ग पाच, खोली एक किंवा दोन. एक शिक्षक पंचायत समितीत बैठकीला गेला की उरलेल्याने पाचही वर्ग सांभाळायचे, खिचडी शिजली का बघायचे, तांदळाची नोंद मोबाईलवर टाकायची आणि त्यातच कोणाचे डोके फुटले तर हळद लावायची. सालदार एकच असताना वखर, डवरण आणि ढोरे एकाच दिवशी होत नाहीत, हे आपल्याला कळते. शाळेचे मात्र कळत नाही.

कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात स्पष्ट आहे की शिक्षकाला शिकवण्यावेगळे काम लावू नये. जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणूक एवढे तीन अपवाद. पण निवडणूक म्हटले की मतदार याद्यांचे काम वर्षभर मागे लागते. २०२७ च्या जनगणनेसाठीही घरोघर फिरायला पुन्हा हेच हात. बाकी माहित्या, फोटो आणि ॲप यांची तर मोजदाद नाही. एका गुरुजींनी मला सांगितले, "भाऊ, आधी आम्ही शिकवत होतो आणि मग लिहीत होतो. आता लिहितो, वेळ उरला तर शिकवतो." हे वाक्य मी विसरलो नाही.

पैशाची गोष्टही ऐका. शाळेला वर्षाला जे एकत्रित अनुदान मिळते, त्याची केंद्राने घातलेली मर्यादा तीस मुलांपर्यंतच्या शाळेला १०,००० रुपये आणि त्यावर शंभरपर्यंत २५,००० रुपये अशी आहे. यात खडू, केरसुणी, नळाची तोटी, विजेचे बिल, फुटलेले कवेलू, सगळे बसवायचे. वर्षाला दहा हजारांत आपल्या गोठ्याचे छप्पर तरी नीट राहते का? बिल थकले की वीज कापली जाते, आणि मग वर्गणीतून आणलेला मोठा टीव्ही भिंतीवर देवासारखा टांगलेला राहतो. अनेक ठिकाणी गुरुजी खिशातून भरतात. ते कोणी पेपरात देत नाही.

गुरुजींचा पगार आणि शाळेचा खर्च कोणी द्यायचा, हा वाद नवा नाही. आपल्याच वर्ध्यात तो आधी झाला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात महात्माजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि हातच्या एखाद्या धंद्याभोवती गुंफलेले, असे ठराव झाले. शेवटचा ठराव असा की, मुलांच्या कामातून हळूहळू शिक्षकांचे वेतन निघेल अशी अपेक्षा आहे. मग डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम केला आणि तिनेच सावध केले की पैसा निघण्यावर जोर गेला तर शिक्षक पोरांकडून नुसते काम करून घेतील आणि शिक्षण मागे पडेल. सूत मोजायचे की पोर मोजायचे, असा तो पेच होता.

त्याच सुमारास आपल्या मध्यप्रांताच्या सरकारात पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना काढली. गावातल्या दानशूरांनी शाळेला जमीन द्यायची आणि त्या वावराच्या उत्पन्नावर शाळा व शिक्षक चालायचे. विद्यामंदिरांच्या शिक्षकांसाठी वर्ध्याला प्रशिक्षणाची शाळा निघाली, आणि २१ एप्रिल १९३८ ला गांधीजी तिच्या समारंभाला होते. कल्पना मनाला भिडते. पण आपण कास्तकार आहोत. एका वावराच्या भरवशावर एक प्रपंच कसा चालतो ते आपल्याला ठाऊक आहे. ज्या वर्षी पाऊस दडी मारतो त्या वर्षी मास्तरने काय खावे? योजना फार पसरली नाही, यात मला नवल वाटत नाही. पुढे १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, आणि शाळेचा खर्च सरकारच्या तिजोरीतून हे ठरून गेले. आता पटाचे कारण सांगून ती तिजोरी हळूच मिटते आहे की काय, अशी शंका संघटनांना येते. सप्टेंबर २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा निघाली, तेव्हा राज्यात वीस किंवा कमी पटाच्या १४ हजार ७०० हून अधिक शाळा आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले असल्याचे आकडे आले होते.

आता परीक्षेची भानगड. शिक्षक पात्रता परीक्षा, तिला टीईटी म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांहून जास्त शिल्लक आहेत त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी. ज्यांची पाचपेक्षा कमी उरली त्यांची नोकरी राहील, पण बढती नाही. म्हणजे वीस-बावीस वर्षे शिकवलेला, पन्नाशीला आलेला माणूस परीक्षेला बसणार. यावरून आणि संचमान्यतेवरून ५ डिसेंबर २०२५ ला राज्यात शाळा बंद ठेवण्यात आल्या. इथे मात्र मी संघटनांच्या पूर्ण बाजूने नाही. शिकवणाऱ्याने स्वतःला तपासून घ्यायला काय हरकत आहे? बापासाठी मात्र प्रश्न वेगळा आहे. या दोन वर्षांत गुरुजी आपल्या पोराचा अभ्यास घेणार की स्वतःचा? आणि त्यांना शिकवायला कोण येणार? दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख असावा म्हणून १९९४ साली ती पदे केली. त्यांनी शाळेत बसावे, नव्या शिक्षकाला हाताशी धरावे, अडले ते सांगावे. पण ज्याच्याकडे आपल्याबरोबर शेजारच्या केंद्राचाही भार आहे तो येतो, सही करतो, जातो. नवा शिक्षणसेवक तीन वर्षे महिना १६,००० रुपयांवर काढतो आणि चुकत-माकत स्वतःच शिकतो. आपली पोरे त्याच्या चुकांवर मोठी होतात.

गुरुजींचेही चुकते, ते न बोलून कसे चालेल? नागपूरहून अपडाऊन करणारे, गाडी चुकली की साडेअकराला उगवणारे, मुख्यालयी राहण्याचा ग्रामसभेचा ठराव गोडीगुलाबीने मिळवणारे आपण पाहिले आहेत. स्वतःची लेकरे कॉन्व्हेंटात घालून गावाला जिल्हा परिषदेच्या शाळेचे महत्त्व सांगणारेही आहेत. संघटनेने मोर्चाच्या फलकावर एक ओळ यांच्यासाठीही लिहिली तर पारावरचा राग निम्मा होईल. आणि एक गंमत ठाऊक आहे का? विधान परिषदेत शिक्षकांचा म्हणून जो आमदार जातो, त्याला मत देण्याचा हक्क माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच आहे. आपल्या पहिली-दुसरीच्या गुरुजींना नाही. तेव्हा त्यांच्यापाशी रस्ता उरतो किंवा आपण उरतो.

आपण, म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात चारात तीन पालक आणि निम्म्या बाया असतात. शाळेचा विकास आराखडा तिने करायचा, अनुदान कशावर गेले ते तिने बघायचे. पुष्कळ गावांत तिचे सदस्य फक्त १५ ऑगस्टला नारळ फोडताना दिसतात. बायांची सही घरी वही पाठवून होते. ती वही पुढच्या वेळी परत पाठवा आणि स्वतः जा. जाताना तीन गोष्टी विचारा: आपल्या शाळेला मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि किती मुलांचे आधार अजून जुळायचे आहे. मंजुरीचा कागद मुख्याध्यापकांपाशी असतो, मागितला तर दाखवतात. पद रिकामे असेल तर समितीचा ठराव लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. आधार मात्र आपले आपणच नीट करून आणायचे आहे, ते काम गुरुजींचे नाही. पटाचा हिशेब ३० सप्टेंबरच्या आकड्यावर होतो. तेव्हा पोळा झाला, पऱ्हाटीला पाती लागायला लागली, की एक दिवस वावरातून काढून पोराला घेऊन केंद्रावर जाऊन या. जन्मदाखल्यावर जे नाव आहे तेच तिथे लिहून घ्या. ठेवायचे म्हणून घरातले लाडके नाव लिहू नका.