हातचलाखी : करमणूक आणि कपट



बाजाराच्या दिवशी गारुडी तीन वाट्या उपड्या घालतो, एकीखाली गोळी ठेवतो आणि ती भलत्याच वाटीखालून काढून दाखवितो. यात मंत्र नसतो. गोळी त्याच्या बोटांच्या बेचक्यात दडलेली असते. त्याचे बोलणे, डमरू आणि रिकामा हात यांत आपले लक्ष गुंतले, की दुसरा हात आपले काम उरकतो. यास कोणी फसवणूक म्हणत नाही. जादूगार रघुवीर तिकीट लावूनच प्रयोग करीत, आणि प्रेक्षकही विस्मयाचेच पैसे मोजीत.

परंतु हीच युक्ती 'दैवी सिद्धी' म्हणून मिरविली म्हणजे तिचे स्वरूप पालटते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळविणे व लोकांस ठकविणे हा गुन्हा ठरविला आहे. त्यास ६ महिने ते ७ वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे.

हातचलाखी हा शब्द आपण कागदोपत्रीच्या व्यवहारासही लावतो, आणि वकील या नात्याने मला हीच हातचलाखी अधिक पाहावयास मिळते. येथे डमरूची जागा गोड बोलणे घेते. सौदा जमिनीच्या एका तुकड्याचा ठरतो. कागदात मात्र दोन गट क्रमांक लिहिलेले असतात. चहा येतो, घाई केली जाते आणि अंगठा उठतो.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलम, ठाऊक असलेली गोष्ट फसविण्याच्या हेतूने दडविणे, यास कपट म्हणते. १९ व्या कलमान्वये फसलेल्या पक्षास असा करार टाळता येतो. मात्र त्याच कलमात अपवाद आहे : कपट केवळ मौनाचे असेल, आणि साधारण दक्षतेने सत्य कळण्याजोगे असेल, तर करार टाळता येत नाही. शिवाय कपट शाबीत करण्याचा भार फसलेल्यावरच पडतो. आळसाने सोडलेले वाचन न्यायालय भरून देत नाही.

म्हणून सही वा अंगठा करण्यापूर्वी घरातील शिकलेल्या मुलीकडून अथवा मुलाकडून संपूर्ण कागद मोठ्याने वाचून घ्या. रक्कम, व्याज, गट क्रमांक आणि तारीख ताडून पाहा. कोऱ्या कागदावर अंगठा कदापि देऊ नका. नक्कल मागून घ्या. जो घाई करील, त्यास दुसऱ्या दिवशी यावयास सांगा. प्रामाणिक मनुष्य दुसऱ्या दिवशीही येतो.