बटण दाबणारा एक, धुणारी दुसरी



आपल्या घरांत हल्ली एक नवी वस्तू येऊ लागली आहे: ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीन. मुलगा पुण्यात नोकरीला लागला की आणतो, जावई दिवाळीला पाठवतात, कुणी लग्नात आहेर म्हणून देतं. वर दाणे टाका, मागे पाणी भरा, बटण दाबा, कॉफी तयार. सगळे म्हणतात, "आईला आता आराम." हे वाक्य मला अजिबात मान्य नाही, म्हणून आज थोडं स्पष्ट लिहिते.

कॉफीवर माझा आक्षेप नाही. कॉफी झुडपाच्या फळातली बी आहे, कंदमूळ नाही. आपल्या महाराष्ट्रातही चिखलदऱ्याला तिची झाडं आहेत. यंत्रावरही आक्षेप नाही. मिक्सर आणि वॉशिंग मशीन आपण सगळ्यांनी आनंदाने घेतली. माझा आक्षेप 'ऑटोमॅटिक' या शब्दावर आहे. बटण दाबल्यापासून कप भरेपर्यंत ते खरंच ऑटोमॅटिक आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं हातानेच करायचं असतं, आणि ते हात कुणाचे, हे दुकानदार सांगत नाही.

आत काय चालतं ते आधी पाहू. मशीन दाणे दळतं, आठ-नऊ ग्रॅम पूड एका छोट्या भांड्यात दाबतं आणि नव्वद अंशांच्या पुढे तापलेलं पाणी जोराने त्यातून ढकलतं. त्या भांड्याला ब्रू ग्रुप म्हणतात. उरलेल्या चोथ्याची ओली वडी आतल्याच डब्यात पडते. चालू होताना आणि बंद होताना मशीन स्वतःची नळी धुतं आणि ते पाणी खालच्या ताटलीत साठतं. दुधाचं मशीन असेल तर दूध एका बारीक नळीतून जातं आणि फेस होऊन कपात येतं.

आता सांगा, ओला चोथा, साठलेलं पाणी आणि दुधाची नळी, तीही बंद, अंधाऱ्या आणि कोमट पेटीत. चातुर्मासातल्या दमट हवेत तो डबा दोन-तीन दिवस विसरला की पांढरी बुरशी दिसते. बुरशीला आपण अनंतकाय मानतो. बटाटा-कांदा घरात येऊ द्यायचा नाही म्हणून भाजीवाल्याशी हुज्जत घालायची आणि अनंतकाय मात्र ओट्यावर साठ हजारांच्या पेटीत वाढवायचं, हा कुठला हिशेब?

पाण्याचंही तसंच. आपण पाणी गाळतो आणि गळण्यातले जीव परत त्याच पाण्यात सोडतो. उकळलेल्या पाण्यालाही काळाची मर्यादा आहे: पावसाळ्यात 3 प्रहर, हिवाळ्यात 4, उन्हाळ्यात 5. मशीनच्या टाकीतलं पाणी मात्र परवा भरलेलं असतं आणि कुणी विचारत नाही. "आत गरम होतंच की," असं उत्तर मिळतं. कपात येणारं गरम होतं. टाकीत उरलेलं तसंच पडून राहतं. जयणा म्हणजे नुसती रीत नव्हे, जयणा म्हणजे लक्ष. जे उघडून बघता येत नाही त्यावर लक्ष कसं ठेवणार?

दुसऱ्या बाजूच्या बायकांनाही सांगायचं आहे. "असली मशीन म्हणजे परिग्रह, उधळपट्टी, आमच्या वेळी नव्हती," असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणींच्या कपाटात न वापरलेली डिनर सेटची चार खोकी आहेत. परिग्रह किमतीवर ठरत नाही, आसक्तीवर आणि न वापरण्यावर ठरतो. शिवाय बाईचे कष्ट वाचवणारी वस्तू आली की आपल्याला उधळपट्टी आठवते, आणि दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीच्या वेळी आठवत नाही, हेही एकदा तपासून पाहावं.

मी कॉमर्सची पदवीधर, म्हणून घसारा मांडते. मशीन 60,000 रुपयांचं धरा, आयुष्य 6 वर्षं. वर्षाला 10,000. घरात रोज 2 कप होत असतील तर वर्षाला 730 कप, म्हणजे कपामागे 13 रुपये 70 पैसे नुसता घसारा. कॉफी, दूध, वीज, क्षार काढायचं औषध, दुरुस्ती हे सगळं वेगळं. रोज 8 कप होत असतील तर 2,920 कप, आणि घसारा कपामागे 3 रुपये 42 पैसे. म्हणजे एकत्र कुटुंबाला किंवा दुकानाला हे मशीन परवडू शकतं, दोघांच्या घराला नाही. एस्प्रेसो यंत्राचा जन्मही गर्दीसाठीच झाला. इटलीतल्या तुरीनमध्ये अँजेलो मोरिओंदो यांनी 1884 मध्ये पेटंट घेतलं, ते एकदम पुष्कळ गिऱ्हाइकांना कॉफी देता यावी म्हणून. दोन कपांच्या घरासाठी त्याच इटलीत आल्फोन्सो बियालेत्ती यांनी 1933 मध्ये गॅसवर ठेवायचं मोका पॉट काढलं. आणि दक्षिणेकडचं स्टीलचं फिल्टर तर आपल्याकडे काही शे रुपयांत मिळतं; त्याचा प्रत्येक भाग सुटा होतो, राखेनेही घासता येतो.

आमच्या वरवंडसारख्या ठिकाणी आणखी दोन गोष्टी आहेत. बोअरचं पाणी जड. पातेल्याला पांढरा थर बसतो तसाच मशीनच्या आतही बसतो. पातेल्याचा दिसतो, मशीनचा दिसत नाही. आणि बिघडलं की दुरुस्तीला पुणं, म्हणजे जवळपास साठ किलोमीटर. एका परिचित घरी मशीन आठ महिने कापडाखाली झाकून आहे. धूळ मात्र रोज पुसली जाते, आणि पुसते सूनबाई.

तर मग घ्यायचंच असेल तर काय बघायचं? खोक्यावरच्या "15 बार, 19 बार" या आकड्यांवर जाऊ नका. तो पंपाचा कमाल जोर असतो. चांगल्या एस्प्रेसोला साधारण 9 बार लागतात. दुकानात उभं राहून विक्रेत्याला ब्रू ग्रुप बाहेर काढून दाखवायला सांगा. काही मशीनमध्ये तो निघतो आणि नळाखाली धुता येतो. काहींत आतच बसवलेला असतो, आणि स्वच्छतेसाठी गोळी टाकायची असते. जो निघत नाही, तो जैन घरात नको, हे माझं ठाम मत. दुधाची नळी असलेलं मशीन घेऊ नका. दूध पातेल्यात गरम करून वरून घाला, पातेलं घासता येतं. दाण्यांच्या भांड्यात चिकोरी मिसळलेली पूड टाकू नका, आणि इन्स्टंट कॉफी तर कुठल्याच तोंडातून नको, ती आत चिकटते. टाकी आणि चोथ्याचा डबा रोज सूर्यास्ताआधी रिकामा करून कोरडा पुसायचा. चौविहार असणाऱ्या घरात त्यानंतर मशीनचं काम तरी काय? चोथा कुंडीतल्या मातीत मिसळा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं मशीन घरात येण्याआधी ठरवा: धुणार कोण? जो बटण दाबेल तोच डबा रिकामा करेल. मुलगा असो, जावई असो, सासरे असोत. पाहुण्यांसमोर कौतुकाने कप भरायचा मुलाने आणि रात्री चोथा खरवडायचा सुनेने, याला आराम म्हणत नाहीत. कामाची नुसती जागा बदलली. पूर्वी ती गॅसजवळ उभी होती, आता सिंकजवळ उभी आहे.

"एवढ्याशा कॉफीत कुठे धर्म आणता?" असं कुणी म्हणेल. आपला धर्म पहिल्यापासून एवढ्याशाच गोष्टींत आहे. पाण्याच्या थेंबात आहे, चुलीच्या लाकडात आहे, पीठ चाळण्यात आहे. या एवढ्याशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी सांभाळल्या. त्या यंत्रावर सोपवायच्या असतील तर खुशाल सोपवा, पण यंत्र उघडून बघण्याचा हक्क आणि धुण्याची वाटणी, दोन्ही मागून घ्या. यातलं एकही मिळत नसेल तर स्टीलचं फिल्टर काय वाईट आहे?

जय जिनेंद्र.