समुद्रापेक्षा मिकी मोठा?

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्या, सिद्धेश्वरचे धरण आणि जिल्ह्याच्या सीमेवरचा इसापूरचा जलाशय एवढीच येथील मुलांची मोठ्या पाण्याशी ओळख. समुद्र त्यांना भेटतो तो पडद्यावर. त्याच पडद्यावर मिकी, एल्सा, छोटा भीम आणि मोटू-पतलूही भेटतात. त्यामुळे ‘दिवाळीच्या सुटीत जहाजावर जायचे’ असा हट्ट घरात सुरू झाला की मुलाला नेमके काय हवे आहे, समुद्र, जहाज की जहाजावर भेटणारा मिकी, हे पालकांनाच शोधून काढावे लागते. पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत या तिन्ही गोष्टी इतक्या बेमालूमपणे मिसळलेल्या असतात की पैसे कशाचे मोजले जात आहेत याचा उलगडा प्रवास आटोपल्यावरच होतो.

हा प्रश्न आता केवळ मुंबई-पुण्याच्या उच्चभ्रू वस्त्यांपुरता उरलेला नाही. मुंबईच्या इंदिरा डॉकमधील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. वर्षाला १० लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता असून ते देशातील सर्वात मोठे क्रूझ टर्मिनल मानले जाते. त्याआधी ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ची घोषणा केली आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. मार्च २०२४ मध्ये मुंबई-जालना जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढवण्यात आली आणि पाचशे किलोमीटरहून अधिक दूर असलेली मुंबई हिंगोलीकरांसाठी एका गाडीच्या अंतरावर आली. दुसरीकडे डिस्ने कंपनीने आपले आजवरचे सर्वात मोठे जहाज सिंगापूरला ठेवण्याचा निर्णय घेतला. भारतीय मध्यमवर्ग हा या जहाजाच्या अपेक्षित ग्राहकांपैकी एक आहे, हे उघडच आहे. अशा वेळी मुलांसाठीच्या क्रूझची तुलना डोळसपणे करणे अगत्याचे ठरते.

कार्टूनपात्रे आणि जहाज यांचे नाते जुने आहे. मिकी माउसला प्रसिद्धी मिळवून देणारा १९२८ चा ‘स्टीमबोट विली’ हा लघुपट एका वाफेच्या बोटीवरच घडतो. प्रत्यक्ष जहाजावर मात्र मिकी बऱ्याच उशिरा चढला आणि तोही भाड्याने. १९८५ पासून अमेरिकेतील प्रीमियर क्रूझ लाइन्स ही कंपनी डिस्नेशी करार करून ही पात्रे आपल्या जहाजांवर आणत असे. १९९३ मध्ये तो करार संपला. मिकीच्या जागी बग्ज बनी आणि त्याची मंडळी आली. जहाजे मात्र तीच राहिली. पुढे डिस्नेने स्वतःच जहाजे बांधली. ‘डिस्ने मॅजिक’ १९९८ मध्ये आणि ‘डिस्ने वंडर’ १९९९ मध्ये समुद्रात उतरले. प्रीमियर कंपनी २००० मध्ये बंद पडली. पात्र भाड्याने आणणारा आणि पात्राचा मालक यांच्यातील फरक या इतिहासात पुरेसा स्पष्ट होतो.

आजच्या बाजाराकडे पाहिले तर तीन प्रकार ठळकपणे दिसतात. पहिला, पात्रांची मालकी असलेल्या कंपनीचे जहाज. यात डिस्नेला तुल्यबळ प्रतिस्पर्धी नाही. दुसरा, पात्रे कराराने आणणारे जहाज. रॉयल कॅरिबियनने २०१० च्या सुमारास ड्रीमवर्क्सची ‘श्रेक’, ‘कुंग फू पांडा’ यांसारखी पात्रे आणली. नॉर्वेजियन कंपनीने निकलोडियनशी, तर कार्निव्हलने २०१४ मध्ये डॉ. सूस यांच्या पुस्तकांतील पात्रांसाठी करार केला. यातील ड्रीमवर्क्स आणि निकलोडियन यांची जहाजांवरील सोबत पुढे संपली. तिसरा प्रकार म्हणजे पात्रांचा आधार न घेता मुलांसाठी खेळ, जलतरण तलाव आणि स्वतंत्र कक्ष देणारे जहाज. मुंबईहून निघणारी कॉर्डेलिया या तिसऱ्या प्रकारात मोडते.

पहिल्या प्रकाराचे आकर्षण नाकारण्यात अर्थ नाही. ‘डिस्ने ॲडव्हेंचर’ या जहाजाचे मूळ नाव ‘ग्लोबल ड्रीम’. जर्मनीतील विस्मार येथील गोदीत ते अर्धवट बांधून पडले होते; बांधणारी कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर डिस्नेने २०२२ मध्ये ते विकत घेतले. सुमारे दोन लाख आठ हजार टनांचे हे जहाज ६,७०० च्या आसपास प्रवासी नेऊ शकते. डिसेंबर २०२५ मधील त्याचा पहिला प्रवास लांबला आणि त्यासाठी १० मार्च २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. सात निरनिराळे विभाग, मार्व्हल आणि ‘टॉय स्टोरी’ची स्वतंत्र दालने, शिवाय डिस्नेच्या जहाजावरचा पहिला रोलर कोस्टर असा त्याचा थाट आहे. डिस्नेच्या जहाजांवर जुगारघर नसते, ही बाबही अनेक पालकांना दिलासा देणारी वाटेल. सराईत कलाकार, देखणे नाट्यप्रयोग आणि मुले सांभाळण्याची शिस्तबद्ध व्यवस्था यांत ही कंपनी इतरांच्या पुढे आहे, हे मान्य करावेच लागेल.

परंतु याच जहाजाचा आणखी एक विशेष जाहिरातीतील झगमगाटात झाकला जातो. सिंगापूरहून निघणाऱ्या त्याच्या तीन आणि चार रात्रींच्या सफरी अन्य कोणत्याही बंदराला लागत नाहीत. जहाज समुद्रात जाते आणि सिंगापूरलाच परतते. म्हणजे जहाज हेच गाव, जहाज हीच जत्रा. ज्या मुलाने समुद्र, बंदर, मासेमारीच्या होड्या किंवा दीपगृह अनेकदा पाहिले आहे, त्याला याचे काही वाटणार नाही. पण ज्याने समुद्र कधी पाहिलेलाच नाही, त्याला तो प्रथमच दाखवताना तो केवळ खिडकीबाहेरचे दृश्य म्हणून दाखवावा का, याचा विचार झाला पाहिजे.

भाषेचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. मोटू-पतलू आणि छोटा भीम घराघरांत पोहोचले ते हिंदी बोलतात म्हणून. डिस्नेची पात्रेही कित्येक मुलांना भेटली ती हिंदी अनुवादातूनच. जहाजावरचे नाट्यप्रयोग, मुलांच्या कक्षातील खेळ आणि सूचना मुख्यतः इंग्रजीत असतात. जिल्हा परिषदेच्या किंवा मराठी माध्यमाच्या शाळेत शिकणारे सहा वर्षांचे मूल अनोळखी मुलांच्या घोळक्यात तासभर रमेल की रडवेले होऊन आईला बिलगेल, हे आधी ओळखणे पालकांच्याच हाती असते. मुलांचा कक्ष ही अशा क्रूझची सर्वात मोलाची सोय मानली जाते. मूल तेथे थांबलेच नाही, तर त्या सोयीसाठी मोजलेला पैसा पाण्यात गेला असेच म्हणावे लागेल.

वयाचेही तसेच. तीन वर्षांखालील मूल मुखवटा घातलेल्या भल्याथोरल्या पात्राला पाहून अनेकदा घाबरते. डिस्नेच्या मुलांच्या मुख्य कक्षात तीन वर्षांनंतरच प्रवेश मिळतो. त्याहून लहान मुलांच्या पाळणाघराचे शुल्क वेगळे असते. दहा-अकराव्या वर्षी मिकीसोबत छायाचित्र काढायला मूल लाजू लागते. पात्रांच्या क्रूझचा खरा आनंद मिळण्याचा काळ म्हणजे साधारण चार ते नऊ ही वर्षे. घरात एक मूल चार वर्षांचे आणि दुसरे बारा वर्षांचे असेल, तर धाकट्याच्या आनंदाची किंमत थोरल्याच्या कंटाळ्यातही मोजावी लागते.

आता खर्चाकडे वळू. समान कालावधीच्या सामान्य क्रूझच्या तुलनेत डिस्नेचे दर सहसा चढे असतात. हा फरक प्रामुख्याने पात्रांच्या मालकीचा असतो. त्यात हिंगोलीहून महानगरापर्यंतचा प्रवास, सिंगापूरचे विमानभाडे, व्हिसा आणि जहाजाच्या आधीचा किंवा नंतरचा मुक्काम मिळवावा लागतो. परदेशी सहलीच्या पॅकेजवर उगमस्थानी वसूल होणारा टीसीएस हा कर विवरणपत्र भरताना समायोजित होत असला, तरी तूर्त हातातून जाणारी रक्कम तो वाढवतोच. जहाजावरची सेवाशुल्के बहुधा माणशी आणि प्रतिरात्र आकारली जातात व मुलेही त्यात मोजली जातात. छायाचित्रे, इंटरनेट आणि पात्रांसोबतचे काही खास कार्यक्रम यांचे पैसे निराळे. खोलीचे दर दोन प्रौढांच्या हिशेबाने ठरलेले असल्याने आजी-आजोबांना सोबत घेणाऱ्या मराठी कुटुंबाला एकाऐवजी दोन खोल्या घ्याव्या लागतात आणि सारे गणित बदलते.

कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ हे जहाज या मानाने आटोपशीर आहे. १९९० मध्ये बांधलेले आणि पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे असलेले हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून भारतीय किनाऱ्यावर सफरी करीत आहे. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप असे त्याचे मार्ग राहिले आहेत. व्हिसा नको, विमान नको, जेवण ओळखीचे आणि कानावर पडणारी भाषा कळणारी, हे त्याचे बलस्थान. उणिवाही आहेत. जहाज जुने आहे. त्यावर जुगारघर आणि मद्यालये आहेत, आणि मित्रमंडळींचे गट व कुटुंबे एकाच जागेत वावरतात. मुलांसाठीच्या व्यवस्थेचा आवाका मोठ्या परदेशी जहाजांइतका नाही. हंगामाचेही बंधन आहे. पावसाळ्यात मुंबईहून सफरी होत नाहीत. हिंगोलीतील शेतीवर अवलंबून असलेल्या घरांत हळदीचा पैसा उन्हाळ्यात येतो, तेव्हा मुंबईचा क्रूझ हंगाम सरत आलेला असतो. सोयाबीन विकून हाती आलेला दिवाळीचा पैसा आणि दिवाळीची सुटी हाच काय तो मेळ. पण नेमके त्याच आठवड्यांत जहाजाचे दर चढलेले असतात.

भारतीय क्रूझच्या टिकाऊपणाबद्दलही सावध राहिले पाहिजे. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून सुरू झालेली जलेश कंपनीची ‘कर्णिका’ करोनाच्या फटक्याने २०२० मध्ये बंद पडली आणि ते जहाज अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये वाजतगाजत सुरू झालेली मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सेवाही करोनानंतर टिकली नाही. म्हणून कित्येक महिने आधी पूर्ण रक्कम भरताना रद्द झालेल्या सफरीचा परतावा कसा मिळेल, हे पाहणे मिकी भेटेल का हे पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

‘आंग्रिया’च्या नावात मात्र एक हुकलेली संधी दडली आहे. दर्यासारंग कान्होजी आंग्रे यांच्याइतके मुलांना भुरळ घालणारे सागरी व्यक्तिमत्त्व शोधूनही सापडणार नाही. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. मुलांच्या सफरीसाठी यापरते नेपथ्य कोणते हवे? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, १९९१ पासून वाचकांच्या भेटीला आलेला चिंटू ही पात्रे पुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांतून घराघरांत पोहोचली, त्यांतील काही पडद्यावरही आली. जहाजावर मात्र ती चढली नाहीत. याउलट महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरील सिवनी-पेंचच्या जंगलात वाढलेला मोगली डिस्नेच्या चित्रपटांमार्गे जगभर गेला आणि त्या कंपनीचे चलनी नाणे झाला. मोगलीचा जनक रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला, १८६५ मध्ये. गोष्ट येथली, तिच्या पुनःकथनाचा पैसा तिकडचा. टर्मिनल बांधणाऱ्या यंत्रणांनी आणि पर्यटन महामंडळाने या विसंगतीकडे लक्ष दिले, तर मुंबईहून कोकण किनाऱ्याने जाणारी मुलांची मराठी सफर हे दिवास्वप्न राहणार नाही.

तोवर हिंगोलीच्या पालकाने काय करावे? मूल डिस्नेच्या गोष्टींत खरोखर रमणारे असेल, वय चार ते नऊच्या दरम्यान असेल आणि खर्च कर्ज न काढता झेपणारा असेल, तर सिंगापूरची सफर वाया जाणार नाही. मुलाला कुतूहल जहाजाचे असेल, तर मुंबईहून दोन-तीन रात्रींची सफर पुरेशी आहे. आणि पहिली ओळख समुद्राशीच करून द्यायची असेल, तर मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो बोटही मुलाला तासाभरात खूप काही दाखवते. जहाज लहान असो वा मोठे, लाइफ जॅकेट कुठे आहे आणि संकटकाळी कुठे जमायचे हे आधी विचारावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली आणि १५ जणांचे प्राण गेले. तो दिवस कोणत्याही पालकाने विसरू नये.

हिंगोलीच्या दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा असलेल्या दसरा महोत्सवात रावणाचा उंच पुतळा पाहणारे मूल आणि जहाजावर मिकीला हात लावणारे मूल यांचे डोळे सारखेच विस्फारतात. फरक आहे तो त्या विस्मयाची किंमत कोण ठरवतो यात. पात्रे कराराने येतात आणि कराराने जातात. समुद्रावर कोणाचीही मालकी नाही, आणि ज्या गावात समुद्र नाही तेथील मुलासाठी सर्वात मोठे पात्र तोच आहे. तिकीट काढताना एवढे ध्यानात ठेवले, तरी निवड बरीच सोपी होईल.