घरी परतल्यावर पुढे कोण?

डॉ. भरत वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ पुनर्वसन केंद्रामुळे कर्जतचे नाव देशभर पोहोचले. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांवर इथे उपचार होतात, त्यांचे घर शोधले जाते. 2018 मध्ये डॉ. वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण नेरळ, कशेळे, खोपोली, चौक इथल्या घराघरांतले रुग्ण आणि त्यांची माणसे यांच्यासाठी जवळपास आधारगट हवेत, आणि ते आपणच उभे केले पाहिजेत.

पुण्यातली ‘सा’ ही संस्था स्किझोफ्रेनियाग्रस्तांची कुटुंबे एकमेकांना धरून कशी उभी राहतात, हे दाखवते. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पाने गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून घरोघरी पाठवले. या दोन्हींतून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. सगळे एकाच उत्साही माणसावर टाकले की तो थकतो आणि गट मोडतो. म्हणून तीन-चार जणांच्या छोट्या तुकड्या कराव्यात: कोणी बैठक सांभाळावी, कोणी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात उपचारासाठी सोबत जावे, कोणी दिव्यांग प्रमाणपत्राचे कागद पाहावेत. बरे झालेल्यांना यात नुसते लाभार्थी नव्हे, निर्णय घेणारे म्हणून स्थान हवे. गुप्ततेचा नियम पहिल्याच दिवशी ठरावा. छोट्या गावात बातमी फार वेगाने फिरते. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला स्वयंसेवकाने एकट्याने सांभाळू नये, डॉक्टरकडे न्यावे, 14416 या ‘टेलि-मानस’ मदतक्रमांकाशी जोडून द्यावे.

जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीला तरुण धावले. त्याच खालापुरात अशा तरुणांच्या तुकड्या आता या कामासाठी बांधता येतील. बैठकीपुरती एक खोली ग्रामपंचायतींनी मोकळी करून द्यावी.