ब्रेकची भाषा

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीत नाक खुपसू नये, असे माझे मित्र म्हणतात. पण आपली मायबोली आवाजांच्या बाबतीत इतकी श्रीमंत आहे, की ब्रेकचे अर्धे निदान तिच्याच बळावर होते!

१९०२ साली लुई रेनॉने मोटारीला ड्रम ब्रेक बसवला. पुढे फियाट-अँबॅसिडरनेही तोच वापरला. फिरत्या ड्रमला आतून दोन ब्रेक-शू दाबतात. त्यांवर लायनर असते. आता कान द्या. ‘चींऽऽ’ म्हणजे धूळ साचली, किंवा लायनर घासून चकचकीत झाले. ‘खर्रर्र’ म्हणजे लायनर संपून रिव्हेट ड्रमला ओरबाडू लागले. गाडी तिथेच थांबवावी. ‘थडथड’ होऊन पेडल पायाखाली नाचले, तर ड्रमची गोलाई बिघडली. तो लेथवर न्यावा.

एक मात्र पाळावे. जुन्या लायनरमध्ये बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते. ती धूळ फुंकू नये, तिच्यावर हवा मारू नये. ओल्या फडक्याने पुसावी. ती फुप्फुसात गेली, तर कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. आणि गॅरेजमधला पोरगा तर रोज त्याच धुळीत बसलेला असतो.

आवाज बंद व्हावा म्हणून लायनरवर तेलाचा थेंब सोडणारे शहाणेही भेटतात. आवाज जातो खरा, पण त्याबरोबर ब्रेकही जातो! मुलाबाळांसह खुलताबादेहून दौलताबादेकडे घाट उतरणाऱ्याला विचारा : ओरडणारा ब्रेक परवडला, मुका नको.